परतीचा आहेर

चोपदारांच्या घरी आलेला आहेर परतीच्या आहेरावाचून राहिला, असे आजवर घडलेले नाही आणि आपल्या हयातीत घडणारही नाही, असे भैयासाहेब चोपदार प्रत्येक लग्नसराईत एकदा तरी सांगत. सांगत म्हणजे जाहीर करीत. साधे बोलणे त्यांना जमतच नसे. 'चहा आणा' हे दोन शब्दसुद्धा ते अशा थाटात उच्चारीत, की शेजारच्या घरातली माणसे दचकून उठून उभी राहत.

याला कारणही तसेच होते. देवासला एकेकाळी दोन गाद्या होत्या, थोरली पाती आणि धाकटी पाती. एकाच गावात दोन राजे, दोन दरबार आणि अर्थातच दोन चोपदार. भैयासाहेबांचे पूर्वज थोरल्या पातीकडचे. पुढे दरबार गेले, हत्ती गेले, चोपदारांचे वंशज पाटबंधारे खात्यात कारकून झाले आणि तेथून निवृत्तही झाले. परंतु दसऱ्याला मोहल्ल्यातल्या देवीची पालखी निघाली, की तिच्यापुढे चांदीच्या मुठीची उंच काठी, म्हणजे चोब, घेऊन चालायचे आणि ललकारी द्यायची, हा मान अजून भैयासाहेबांकडेच होता. "आस्ते कदम, निगाह रखो, आईसाहेबांची स्वारी येत आहे" ही ललकारी त्यांच्या छातीतून निघाली, की रस्त्यावरच्या ऑटोरिक्षा मुकाट्याने बाजूला होत आणि कोपऱ्यावरचा पोहेवाला कढईवर झाकण ठेवून हात जोडी.

हे सारे पालखीच्या मागून पाहणारा एक गृहस्थ होता. धाकट्या पातीकडच्या चोपदारांचा वंशज गणोजी. नात्याने चुलतभाऊ. गेली कित्येक वर्षे दसरा जवळ आला, की तो भैयासाहेबांच्या घशाची चौकशी करायला येत असे. ही चौकशी प्रेमापोटी होती, असे त्याची बायकोदेखील कधी म्हणाली नाही.

गणोजीने वर्षानुवर्षे घशावर लक्ष ठेवले, आणि गेला तो दात.

आखातीजेला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, हाटपिपल्याच्या एका लग्नात हा प्रकार घडला. वरातीत डीजे लावलेला होता आणि त्याच्या आवाजाने मांडवाचे खांब थरथरत होते. या पोरांना खरा आवाज म्हणजे काय, ते एकदा ऐकवावेच, असे भैयासाहेबांच्या मनाने घेतले. चोब ते मानाच्या लग्नांना बरोबर नेतच असत. त्यांनी ती उचलली, मान ताठ केली आणि तोंड उघडले. चोबेचे टोक मांडवाच्या झालरीत अडकले. भैयासाहेबांनी हिसका दिला. झालर सुटली, हातही सुटला, आणि चांदीची मूठ वरून खाली येऊन त्यांच्या उघड्या तोंडावर आदळली. वरचा पुढचा दात मुळासकट निघाला आणि नवरदेवाच्या घोडीच्या पायाशी जाऊन पडला.

ललकारी तोवर अर्ध्या वाटेवर आलेली होती. मागे फिरणे तिला शक्य नव्हते. ती बाहेर आली ती अशी :

"आफ्ते कदम!"

डीजेवाल्याने नेमके त्याच क्षणी गाणे थांबवले होते. साऱ्या वरातीने ते ऐकले. गणोजीने तर घरी जाऊन पुन्हा पुन्हा ऐकले, कारण त्याचा मोबाइल चालू होता.

भैयासाहेबांना दुखले ते फार थोडे. खरी चिंता वेगळीच होती. पुढच्या दातावाचून 'स' निघत नाही, आणि 'स' वाचून स्वारी निघत नाही. "आईफाहेबांची फ्वारी" अशी ललकारी ऐकून देवी पालखीतून उतरून परत देवळात जाईल, असे सुभद्राबाईंचे म्हणणे होते. सुभद्राबाई म्हणजे भैयासाहेबांची पत्नी. त्या फारसे बोलत नसत. बोलल्या, तर घरातली चर्चा तेथे संपे.

इंदुरात नोकरी करणाऱ्या त्यांच्या कन्येने, वैभवीने, तातडीने चौकशी केली. देवासच्या एका दवाखान्यात दर गुरुवारी इंदूरहून डॉक्टर शिवांगी येत. नुसते दात काढणाऱ्या नव्हेत, दात रोवणाऱ्या तज्ज्ञ. त्यांनी भैयासाहेबांच्या जबड्याचा फोटो काढला, तो भिंतीवरच्या पडद्यावर दाखवला आणि समजावून सांगितले, की रिकाम्या जागी हाडात एक बारीक पेच बसवायचा, हाडाला तो काही महिने घट्ट धरू द्यायचा आणि मग त्यावर दाताची टोपी चढवायची. मग त्यांनी खर्च सांगितला.

भैयासाहेबांनी तो आकडा शांतपणे ऐकून घेतला.

"एका दाताचा?"

"हो काका, एका दाताचा."

"माणफाच्या?"

सुभद्राबाईंनी विचारले, "काढता-घालता येईल असा नकली दात नाही का बसत? आमच्या आत्याबाईंचा होता. रात्री वाटीत ठेवायच्या."

"बसतो ना. स्वस्तही पडतो. पण काका ओरडताना तो बाहेर येऊ शकतो."

"मी ओरडत नाही," भैयासाहेब म्हणाले. "मी ललकारी देतो."

"मग तो लांब जाईल," डॉक्टर शिवांगी म्हणाल्या.

पालखीवर फुले उधळली जात असताना त्यात एक दातही उधळला गेल्याचे चित्र तिघांच्याही डोळ्यांपुढे एकदमच उभे राहिले. नकली दाताचा विषय संपला. मात्र पेचाचा दात पेन्शनीत बसणारा नव्हता, आणि कर्ज काढून दात घालणे भैयासाहेबांना कर्ज काढून मिशा ठेवण्यासारखे वाटले.

त्या संध्याकाळी वैभवीचा फोन आला.

"आबा, टेन्शन नका घेऊ. माझ्या ऑफिसच्या इन्शुरन्समध्ये तुमचं आणि आईचं नाव आहे. क्लेम होऊन जाईल."

"लेकीच्या पैशानं दात? दिलेल्या घरचं मी पाणी पीत नाही, वैभवी."

हे अक्षरशः खरे होते. मुलगी दिली, त्या घरचे काही घ्यायचे नाही, हा घराण्याचा नियम. वैभवीचे सासर धारचे. भैयासाहेब धारला गेले, की व्याही रघुजीराव पाण्याचा तांब्या पुढे करीत, भैयासाहेब पिशवीतून आपली देवासची बाटली काढीत, रघुजीराव तांब्या परत आत पाठवीत, आणि हे सारे दोन्ही बाजूंनी अत्यंत प्रेमाने चाले.

वैभवी क्षणभर थांबली. मग म्हणाली, "माझे पैसे कुठे आहेत, आबा? कंपनी देते."

वाचकांनी या क्षणभर थांबण्याकडे लक्ष ठेवावे.

"कोणती कंपनी?"

"इन्शुरन्स कंपनी. तुमचा दात अपघातात गेला ना, म्हणून मिळणार. किडून गेला असता, तर असा पेचाचा दात त्यांच्या हिशेबानं नुसती हौस. मग नसता मिळाला."

"म्हणजे रणात पडला त्याला इनाम, अंथरुणात पडला त्याला नाही. वाजवी आहे."

"हां, तसंच. आधी त्यांची मंजुरी घ्यायची. प्री-ऑथ म्हणतात."

"फनद," भैयासाहेब म्हणाले. त्यांना सनद म्हणायचे होते. (यापुढे त्यांचे बोलणे दात असल्याप्रमाणेच लिहिले आहे. वडीलधाऱ्या माणसाचे हसे फार लांबवू नये.)

"मग कॅशलेस. तुम्ही काही द्यायचं नाही. ते सरळ दवाखान्याला देतात."

"हुंडी."

"आणि को-पे. थोडा हिस्सा आपल्याला भरावा लागतो."

"चौथाई."

"आबा, आमच्या एचआरला पण हे इतकं नाही समजत."

"त्यांनी दरबार पाहिलेला नाही," भैयासाहेब म्हणाले. "पण मला एक सांग. ही कंपनी आपली कोण लागते?"

"कोणीच नाही लागत."

"मग देते का?"

याचे उत्तर इन्शुरन्सच्या धंद्यातही कोणाकडे असेल असे वाटत नाही.

सनद आली. ज्येष्ठात पेच बसला. भैयासाहेब तोंड उघडून उलट्या छत्रीसारखे खुर्चीत पडून राहिले, आणि उठले तेव्हा डॉक्टर शिवांगींनी सांगितले, की आता नवरात्राच्या सुमारास टोपी चढेल. तिच्यासाठी कंपनीची दुसरी मंजुरी तेव्हा मागवू. दसऱ्याला दात तयार. भैयासाहेबांनी घरी येऊन चोबेला नवे तेल लावले. गणोजी घशाची चौकशी करून गेला, त्याला पेढा दिला.

सर्व काही येथेच थांबायला हवे होते. परंतु दोन दिवसांनी भैयासाहेबांच्या मोबाइलवर कंपनीचा संदेश आला. 'आदरणीय भैयासाहेबजी, आपका क्लेम सहर्ष स्वीकृत किया गया है। शीघ्र स्वास्थ्य की शुभकामनाएँ।' खाली उर्वशी नावाच्या कोणा मॅडमचे नाव आणि इंदूरच्या कचेरीचा पत्ता.

भैयासाहेबांनी तो संदेश सुभद्राबाईंना वाचून दाखवला. मग स्वतःला वाचून दाखवला.

"सहर्ष," ते म्हणाले. "आनंदानं दिलं आहे. नातं नाही, ओळख नाही, आणि एवढा आहेर. आता आपली पाळी."

"कसली पाळी?"

"परतीच्या आहेराची."

आहेराचे शास्त्र ज्यांना ठाऊक नाही, त्यांच्यासाठी थोडे सांगणे भाग आहे. आहेर घेणारा खाली आणि देणारा वर, अशी ती तराजूची पारडी असतात. परतीचा आहेर गेला, की पारडी समान होतात आणि दोघांना एकमेकांच्या डोळ्यांत पाहता येते. जो परत करीत नाही, त्याची पुढच्या सात लग्नांत चर्चा होते. भैयासाहेब चोपदारांची चर्चा होणे शक्य नव्हते.

त्यांनी उर्वशी मॅडमसाठी माहेश्वरी साडी घेतली, वर खण. कंपनीत जे कोणी वडील पुरुष असतील त्यांच्यासाठी शेला. नारळ. आणि कंपनी झाली तरी तिलाही चव असेलच, म्हणून देवासच्या शेवेचा पुडा. सोबत स्वहस्ते चार ओळी लिहिल्या : 'आपण सहर्ष केलेला आहेर पावला. परतीचा अल्पसा आहेर पाठवीत आहे, तो गोड मानून घ्यावा. पुढील कार्यातही आपली अशीच कृपादृष्टी असावी.'

पुढील कार्य म्हणजे दाताची टोपी. याहून नम्र पत्र त्यांनी आयुष्यात लिहिलेले नव्हते.

कुरियर इंदूरला पोचले. तेथून काहीच उत्तर आले नाही. मोठ्या घरांत आहेर उघडायला वेळ लागतो, असे भैयासाहेबांनी सुभद्राबाईंना सांगितले.

भाद्रपद सरता सरता टोपी तयार होऊन आली. भैयासाहेब नवे धोतर नेसून दवाखान्यात गेले. काउंटरवरच्या मुलाने कॉम्प्युटरमध्ये पाहिले आणि मान हलवली.

"काकाजी, आपका तो होल्ड पे है."

"म्हणजे?"

"रुका हुआ है. लिखा है, अंडर इन्वेस्टिगेशन. कुछ लोचा है, भिया."

भैयासाहेबांना लोचा हा शब्द ठाऊक नव्हता, भिया, म्हणजे भाऊ, हा मात्र ठाऊक होता. आणि आपल्याला कोणी काकाजीवरून भियावर आणले, की परिस्थिती बिघडली आहे, हे ते जाणून होते.

घटस्थापना झाली. टोपी दवाखान्याच्या कपाटात, पेच भैयासाहेबांच्या जबड्यात, आणि दोघांची गाठ घालून देणारी मंजुरी कोठे अडकली, कोणालाच कळेना. इकडे गणोजीने गच्चीवर सराव सुरू केला. रोज दिवेलागणीला "आस्ते कदम" ऐकू येऊ लागले. आवाज बेडकासारखा होता, पण बेडकालाही 'स' स्पष्ट होता. देवीच्या मंडळाने बैठक घेऊन अत्यंत आदराने कळवले, की अष्टमीपर्यंत दात बसला तर ललकारी भैयासाहेबांची. न बसल्यास यंदा चोब गणोजीकडे. यंदा हा शब्द सर्वांनी हळू उच्चारला. एकदा हातातून गेलेली चोब परत येत नाही, हे सर्वांना माहीत होते.

पंचमीच्या दुपारी दाराशी मोटरसायकल थांबली. हेल्मेट काढून एक तिशीतला माणूस उतरला. त्याच्या काखेत एक पार्सल होते. भैयासाहेबांनी ओसरीवरूनच त्यावरचे आपले अक्षर ओळखले.

"मैं तरुण सोलंकी. इन्शुरन्स कंपनी की तरफ से. आपके क्लेम की जाँच करनी है."

यातले 'कंपनी की तरफ से' एवढेच भैयासाहेबांच्या कानी पोचले. आहेर घेऊन समोरच्या पक्षाचा माणूस येतो, तो मानाचा पाहुणा. "सुभद्राबाई, कंपनीकडचे पाहुणे आले आहेत," त्यांनी ललकारी दिली. सुभद्राबाई तबक घेऊन बाहेर आल्या आणि सोलंकी पायरीवर होता तेथेच त्याला ओवाळू लागल्या.

सोलंकीने मोबाइल पुढे धरला. "बाऊजी, बता दूँ, ये सब रिकॉर्ड हो रहा है."

"होऊ द्या. हल्ली सगळ्याच समारंभांचं होतं."

त्याला ओसरीवर बसवले. पाण्याचा तांब्या पुढे केला. सोलंकीने हात जोडले.

"पानी नहीं, बाऊजी. जिसके क्लेम की जाँच हो, उसके घर का पानी भी नहीं ले सकते. हमारा रूल है." आणि त्याने बॅगेतून आपली बाटली काढली.

भैयासाहेब पाहतच राहिले. ती बाटली, तो नकार, ते हात जोडणे. हे सारे त्यांनी आजवर फक्त आरशात पाहिले होते.

"सुभद्राबाई," ते सद्गदित होऊन म्हणाले, "पाहिलंत? खानदानी लोक आहेत."

सोलंकीने कागद काढले. "दाँत किसने तोड़ा?"

"आम्हीच."

"आपने खुद? किस चीज़ से?"

भैयासाहेबांनी चोब आणून पुढे ठेवली. सोलंकीने ती उचलून वजन पाहिले आणि डोळे वर करून त्यांच्याकडे पाहिले. मग त्याने सावकाश पार्सल उघडले.

"और ये साड़ी मैडम को किस खुशी में? हमारे यहाँ इसको रिश्वत बोलते हैं."

लाच हा शब्द चोपदारांच्या ओसरीवर पहिल्यांदाच उच्चारला जात होता. भैयासाहेब उभे राहिले. परंतु समोरच्याने घरचे पाणी नाकारले होते. अशा माणसावर संतापता येत नाही. ते परत बसले.

"हे पाहा सोलंकीसाहेब. लाच काम होण्याआधी देतात, आणि लपवून. आम्ही पेच बसल्यावर दिलं, आणि वर नाव-पत्ता लिहून. लाचेवर शेवेचा पुडा कोणी ठेवतो का? तुम्ही आहेर केलात, आम्ही परत केला. तुमच्यात नाही का करत?"

सोलंकीने साडीची घडी परत पार्सलात ठेवली. तो मूळचा बागलीकडचा, घरी माळवी बोलणारा. त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू ओळख उमटू लागली.

"मतलब जैसे मामेरा. शादी में मामा लाता है, तो उसको भी खाली हाथ नहीं भेजते."

"खाली हाताने कोण पाठवील?"

"अरे बाऊजी," सोलंकी हसू लागला, "और मैडम ने तीन मीटिंग कर डाली आपके नारियल पे." त्याने मोबाइल बंद केला. कागदावर दोन-चार ओळी लिहिल्या, भैयासाहेबांची सही घेतली. "हो गया. शाम तक अप्रूवल आ जाएगा. ये सामान वापस रखना पड़ेगा, रूल है. शेव सबने खा ली, वो लिखना मत."

भैयासाहेबांची छाती पूर्ववत भरून आली. आणि तेवढ्यात, केवळ चांगुलपणाने, जाता जाता, सोलंकी म्हणाला :

"वैसे बाऊजी, आहेर भेजा भी तो गलत पते पे. कंपनी ने आपको क्या दिया? माँ-बाप का प्रीमियम तो बिटिया की सैलरी से कटता है. हर महीने. वो भी एक ही जोड़ी का नाम डलता है, माँ-बाप का या सास-ससुर का. बिटिया ने आपका डाला."

मोटरसायकल निघून गेली. भैयासाहेब ओसरीवर बसून राहिले. चहाची वेळ झाली तरी त्यांनी काही जाहीर केले नाही, तेव्हा शेजारची माणसे स्वतःहून उठून पाहायला आली.

त्यांनी वैभवीला फोन लावला.

"तुझ्या पगारातून कापतात?"

पलीकडे ती पुन्हा तशीच क्षणभर थांबली. आता वाचकांना ते थांबणे उमगले असेल.

"थोडेसे, आबा."

"आणि आमचं नाव घातलंस, मग धारच्यांचं?"

"मामंजींनीच सांगितलं. म्हणाले, देवासचं घाल. ते चोपदार आहेत, त्यांना तोंडाचं काम. आम्हाला काय, दात हलले तर खिचडी खाऊ."

"हलतात?"

"दोन हलत होते. आता नाहीत हलत."

"बरं झालं."

"पडले, आबा."

भैयासाहेबांनी फोन ठेवला. ज्या घरचा पाण्याचा घोट त्यांनी कधी घेतला नव्हता, त्या घरच्या माणसाने आपल्या तोंडचा घास सोडून यांच्या तोंडात दात घातला होता. आणि यांनी परतीचा आहेर केला कोणाला, तर उर्वशी मॅडमला.

"टोपी नको," त्यांनी जाहीर केले. "चोब गणोजीकडे पाठवा. पेचही काढून टाकतो."

त्यांनी तेथल्या तेथे डॉक्टर शिवांगींना फोन करून विचारले.

"निघेल की काका," त्या म्हणाल्या. "पण हाडानं आता घट्ट धरलाय. काढायचा खर्च बसवण्याहून जास्त येईल, आणि तो कुठल्याच पॉलिसीत बसत नाही."

तेव्हा सुभद्राबाई बोलल्या.

"ज्येष्ठापासून त्या पेचासकट तुम्ही माझ्या हातच्या पोळ्या खाता आहात. धार तुमच्या तोंडात केव्हाच येऊन बसली. पाया त्यांचा चालला, आता कळसाला नाही म्हणता? आणि ज्या माणसानं ललकारीसाठी खिचडी पत्करली, त्याला दसऱ्याला काय ऐकवणार आहात, गणोजीचा बेडूक?"

भैयासाहेबांनी चोबेच्या मुठीकडे पाहिले. तिच्यात त्यांचा चेहरा दिसत होता, मध्ये एक खिडकी उघडी.

मग त्यांनी पुन्हा फोन उचलला. "वैभवी, टोपी बसवतो. पण पुढच्या वर्षीपासून नाव धारच्यांचं घालायचं. हा आमचा परतीचा आहेर."

"आबा, पण मामंजींचे दात असेच पडले ना, अपघाताने नाही. पेचाचे दात त्यांना मिळणार नाहीत."

"जे उरले आहेत त्यांचं काय?"

"त्यांचं काय?"

"त्यांचा अपघात माझ्याकडे लागला. चोब घेऊन येतो."

वैभवीने नाव बदलण्याचे कबूल केले, अट एकच घातली, की धारला येताना चोब आणायची नाही.

अष्टमीला टोपी चढली. भैयासाहेबांनी दवाखान्याच्या आरशासमोर 'स' म्हणून पाहिला. काउंटरवरचा मुलगा खुर्चीतून उठून उभा राहिला आणि पुन्हा काकाजी म्हणू लागला.

दसऱ्याला धारहून रघुजीराव आले. कंपनीने परत केलेला शेला भैयासाहेबांनी स्वतः त्यांच्या खांद्यावर घातला आणि साडी विहीणबाईंसाठी दिली. रघुजीराव हसले. पुढच्या दोन दातांच्या जागी अंधार होता. भैयासाहेबांनी मान खाली घातली. असे ते फक्त देवीपुढे करीत.

पालखी उचलली गेली. भैयासाहेब पुढे झाले, चोब उभी धरली, वर कोठे झालर नाही हे पाहून घेतले, आणि छाती भरून ललकारी दिली.

"आस्ते कदम! निगाह रखो! आईसाहेबांची स्वारी येत आहे!"

'स' असा निघाला, की गावच्या टेकडीकडून त्याचे उत्तर आले. ऑटोरिक्षा बाजूला झाल्या. पोहेवाल्याने कढई झाकली. गर्दीत उभ्या असलेल्या गणोजीच्या तोंडून नकळत "वा" गेले. त्याने ते खोकल्यात बुडवले. चौकामागून चौक गेले आणि प्रत्येक चौकात ललकारी आधीच्याहून चढत गेली.

सीमेवर पालखी टेकली, तेव्हा भैयासाहेबांचा घसा कोरडा पडला होता. त्यांनी खांद्याला हात लावला. पाण्याची पिशवी घरीच राहिली होती.

रघुजीराव शेजारी उभे होते. त्यांनी आपल्या पिशवीतून बाटली काढून पुढे धरली. भैयासाहेबांनी तिच्यातले पाणी ओळखले. धारच्या ओसरीवर जो तांब्या दर वेळी आत परत जाई, त्यातलेच पाणी तिच्यात भरलेले होते, यात संशय नव्हता. त्यांचा हात पुढे झाला आणि अर्ध्या वाटेत थांबला.

"घ्या हो, भैयाफाहेब," रघुजीराव आपल्या रिकाम्या हिरड्यांतून म्हणाले. "आवाज देवाफचा अफेल, दात धारचा आहे. त्याला तहान लागली अफेल."

भैयासाहेबांनी उजवीकडे पाहिले, डावीकडे पाहिले. सुभद्राबाई मुद्दाम पालखीकडे बघत होत्या. सारी मंडळी सोने लुटण्यात गुंतली होती. त्यांनी बाटली घेतली, वर केली आणि घटाघटा अर्धी रिकामी केली.

मग तोंड पुसून त्यांनी मागे पाहिले. गणोजीचा मोबाइल चालूच होता.